कच्चे म्हणजे नेमके कुठे?

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या लघुपट स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. तालुक्याचे गाव. सभागृहाच्या खिडक्यांना काळे कापड लावलेले आणि पंख्यांची घरघर पडद्यावरच्या आवाजात मिसळणारी. दिवसभरात चौदा लघुपट पाहिले. परीक्षकांच्या हाती दिलेल्या तक्त्यात चार रकाने होते : कथा, अभिनय, तंत्र आणि सामाजिक संदेश. प्रत्येकी पंचवीस गुण. ज्याला पहिला क्रमांक दिला त्या लघुपटात ड्रोन नदीवरून, देवळाच्या कळसावरून भिरभिरत होता आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या होत्या. एका मुलीच्या सात मिनिटांच्या लघुपटाला मी तंत्राचे नऊ गुण दिले आणि शेऱ्याच्या जागी लिहिले, ‘विषय चांगला, तंत्र कच्चे.’

बक्षीस समारंभ आटोपल्यावर चहाच्या टेबलापाशी ती आली. तक्त्याची प्रत तिच्या हातात होती. भांडायला आलेली नव्हती. तिने सरळ विचारले, “सर, कच्चे म्हणजे नेमके कुठे?”

मी काहीतरी बोललो. उजेड कमी आहे, चेहरा दिसत नाही, आवाज स्वच्छ नाही. ती “हो सर” म्हणाली आणि निघून गेली. परतीच्या एस.टी.त माझ्या लक्षात आले, की मी तिच्या प्रश्नाला उत्तर दिलेच नव्हते. मी फक्त तक्रारींची यादी वाचून दाखवली होती.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक जुना विद्यार्थीपट पुन्हा पाहण्याचा योग आला. आंद्रेई तारकोव्हस्की या रशियन दिग्दर्शकाने मॉस्कोच्या चित्रपट संस्थेतून बाहेर पडताना, 1960 साली, पदविकेसाठी केलेला हा पाऊण तासाचा चित्रपट. रशियन नाव ‘कातोक इ स्क्रिप्का’, म्हणजे ‘रोडरोलर आणि व्हायोलिन’. तारकोव्हस्कीचे नाव घेतले की आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांतले लोक आवाज थोडा खाली आणतात, आणि बाकीचे लोक उठून जायच्या तयारीला लागतात. त्याचे पुढचे चित्रपट सोपे नाहीत, हे खरेच. पण हा पहिला चित्रपट घरातल्या आठ वर्षांच्या मुलालाही शेजारी बसवून पाहावा असा आहे. गोष्ट अगदी छोटी, एका दिवसाची.

साशा हा सात-आठ वर्षांचा मुलगा मॉस्कोतल्या एका जुन्या इमारतीत राहतो आणि व्हायोलिन शिकतो. सकाळी व्हायोलिनची पेटी घेऊन बाहेर पडायचे म्हणजे त्याच्यापुढे संकटच असते, कारण जिन्याखाली आणि अंगणात मुलांचे टोळके वाट अडवून उभे. ‘संगीतकार’ ही त्यांच्या लेखी शिवीच. त्या दिवशी इमारतीजवळ रस्त्याचे काम चाललेले असते. सर्गेई नावाचा रोलर चालवणारा तरुण कामगार मुलांना दटावतो आणि साशाची सुटका करतो. शिकवणीहून परतताना साशा पुन्हा त्याला भेटतो, रोलर चालवायला बसतो, त्याच्याबरोबर जेवतो, गाव भटकतो, त्याला व्हायोलिन वाजवून दाखवतो. संध्याकाळी दोघांनी ‘चापायेव’ हा सिनेमा पाहायला जायचे ठरते. घरी आई परवानगी देत नाही. सर्गेई वाट पाहून दुसऱ्या कोणाबरोबर निघून जातो. संपली गोष्ट.

एवढ्याशा गोष्टीत सिनेमा कुठे आहे, असे कोणी विचारील. माझ्या मते तो एका सफरचंदात आहे.

साशा संगीतशाळेत पोचतो तेव्हा बाहेर एक छोटी मुलगी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेली असते. साशाजवळ सफरचंद आहे. तो ते तिच्याजवळ खुर्चीवर ठेवतो आणि आत जातो. मुलगी सफरचंद थोडे दूर सारते. शिष्टाचार आहे, ओळख नाही, आणि आपल्याला हवे आहे हे दाखवायचे नाही. पण नजर तिकडेच. आत शिकवणी सुरू होते. बाई कडक आहेत, तालाच्या पक्क्या. मेट्रोनोमची टकटक सुरू आहे. मेट्रोनोम म्हणजे ताल मोजणारे, लंबक असलेले लहानसे यंत्र. आपल्याकडे तबल्याच्या क्लासला लेहरा लावतात, त्याचा हा फारच शिस्तप्रिय चुलतभाऊ. साशा वाजवायला लागतो, वाजवण्यात रमतो आणि टकटक सोडून पुढे जातो. बाई थांबवतात. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. शेवटी तो मान खाली घालून बाहेर पडतो, आणि खुर्चीवर सफरचंदाचा मधला गाभा तेवढा उरलेला आपल्याला दिसतो.

मुलीने सफरचंद खाल्ले ते आपण पाहिले नाही. तिने पहिला घास कधी घेतला, तो घेताना दाराकडे पाहिले का, हे सगळे दिग्दर्शकाने प्रेक्षकावर सोपवले. आत एका मुलाचा आनंद मोजून-मापून संपवला जात होता, त्याच वेळात बाहेर एक आनंद चवीचवीने खाल्ला गेला. दोन्ही गोष्टींना लागलेला वेळ एकच, आणि त्या वेळाचा पुरावा म्हणजे तो गाभा. घड्याळाचे काटे फिरताना दाखवून वेळ गेल्याचे सांगणारे चित्रपट आपण शेकड्यांनी पाहिले आहेत. इथे घड्याळाचे काम एका फळाने केले आहे, आणि वर दोन मुलांमधली लाजरी मैत्रीही सांगून टाकली आहे. सांगणारा अठ्ठावीस वर्षांचा विद्यार्थी आहे हे ध्यानात घेतले, तर या कसबाचे जास्तच कौतुक वाटते. अर्थात कसब हा शब्दही इथे जरा जड होतो. कोणीतरी मुलांकडे नीट पाहिलेले आहे, एवढेच.

तंत्र म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एका टोकाला ड्रोनवाले. त्यांच्या मते जितकी साधने भारी तितका चित्रपट भारी. दुसऱ्या टोकाला ‘आशय महत्त्वाचा, तंत्राचे काय घेऊन बसलात’ म्हणणारे सज्जन लोक. विद्यार्थ्यांचे लघुपट पाहताना दुसऱ्या मताचा मोह फार होतो, कारण ते दयाळू वाटते. पण सफरचंदाच्या त्या प्रसंगातून तंत्र काढून टाकले, तर आशय कुठे उरतो? मुलीने खाल्ले ते दाखवायचे नाही, शिकवणी दाखवायची, मग गाभा दाखवायचा, हा क्रम हेच तंत्र आहे आणि तोच आशय आहे. दोन्हींना वेगवेगळे रकाने देऊन पंचवीस-पंचवीस गुण वाटणाऱ्या तक्त्यात हा प्रसंग कुठे बसवायचा, याचे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा चित्रपट हलाखीत, उसन्या कॅमेऱ्यावर केलेला नाही. तो ‘मोसफिल्म’ या मोठ्या सरकारी स्टुडिओत तयार झाला, रंगीत फिल्मवर. छायालेखक वादिम युसोव हा तारकोव्हस्कीपेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि धंद्यात उतरलेला माणूस होता. संगीत व्याचेस्लाव ओव्हचिनिकोव याचे. पटकथा तारकोव्हस्कीने आंद्रेई कोंचालोव्हस्की या संस्थेतल्याच मित्राबरोबर लिहिली. तोही पुढे नामवंत दिग्दर्शक झाला. ज्या संस्थेत हे सगळे शिकले ती 1919 साली स्थापन झालेली, चित्रपटशिक्षण देणारी जगातली सर्वांत जुनी संस्था. कुलेशोव्ह तिथे शिकवीत असे, आयझेनस्टाइनही शिकवून गेलेला. तारकोव्हस्कीचा गुरू मिखाईल रोम. त्याच्या त्याच वर्गात वासिली शुक्शिन होता, जो पुढे लेखक, नट आणि दिग्दर्शक म्हणून रशियाचा लाडका झाला.

हलाखीतला चित्रपट पाहायचा असेल, तर त्याआधीचा पाहावा. 1956 साली तारकोव्हस्की आणि त्याच्या दोन वर्गमित्रांनी मिळून हेमिंग्वेच्या ‘द किलर्स’ या कथेवर वर्गातला अभ्यास म्हणून एक लघुपट केला. कृष्णधवल, वीसेक मिनिटांचा. विद्यार्थीच नट. मरणाची वाट पाहत अंथरुणावर पडून राहिलेला स्वीड झाला आहे शुक्शिन, आणि खानावळीत शीळ घालत येणारे गिऱ्हाईक स्वतः तारकोव्हस्की. तो लघुपट नेटका आहे, पण कोणाही हुशार विद्यार्थ्याचा वाटावा असा. चार वर्षांनंतरच्या पदविका चित्रपटात मात्र माणूस ओळखू येतो. मधल्या चार वर्षांत कॅमेरा बदलला, फिल्म बदलली, स्टुडिओ मिळाला, हे सारे खरे. पण रंगीत फिल्म मिळालेले विद्यार्थी त्या वर्षी बरेच असतील.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. शाळेकडे जाताना साशा एका दुकानाच्या काचेपुढे थांबतो. आत आरसे मांडलेले आहेत. त्या आरशांत सगळा रस्ता तुकड्यातुकड्यांनी दिसू लागतो. एकाच बाईची अनेक रूपे, तिच्या हातून सांडलेली सफरचंदे, फुगे, गाड्या, माणसे, सगळे एकमेकांवर चढलेले. जत्रेत शोभादर्शक नळीला डोळा लावल्यावर जे होते, ते इथे एका सबंध शहराचे होते. मूल शाळेच्या वाटेवर का रेंगाळते, हे ज्यांना कधी कळलेले नाही अशा सर्व पालकांनी हा प्रसंग पाहावा.

तरीही मला वाटते, की इथे विद्यार्थी दिसतो. हा प्रसंग गरजेपेक्षा किंचित लांबला आहे. ‘मला हेही येते’ असे पडद्यामागून कोणीतरी सांगते आहे. ज्या संस्थेच्या भिंतींत आयझेनस्टाइनच्या संकलनशास्त्राचा आवाज मुरलेला, तिथल्या मुलाला एकदा तरी चौकटींचा असा पाऊस पाडून दाखवावासा वाटणार. पदविका परीक्षेला बसलेल्या मुलाने गुरुजींना हात वर करून दाखवावा, तसे आहे ते. मला त्याचा राग येत नाही. उलट त्यामुळे पुढच्या प्रसंगांतला संयम किती कमावलेला आहे, ते कळते. आरसा मात्र त्याने सोडला नाही. पुढे 1975 साली त्याने आपल्या आईवर आणि बालपणावर जो चित्रपट केला, त्याचे नावच ‘आरसा’.

दुसरी गोष्ट पाण्याची. या चित्रपटात रस्ते ओले आहेत. डबक्यांत आभाळ आहे, भिंतींवर पाण्यातून परतलेला उजेड थरथरतो आहे. डांबराच्या रस्त्याचा चित्रपट म्हणजे काळा, जड, धुराचा असणार असे आपण धरून चालतो. युसोवने तो चमकता ठेवला आहे. साशा सर्गेईला व्हायोलिन वाजवून दाखवतो तो प्रसंग एका कमानीखालच्या बोळात घडतो. वाजवण्याआधी पोरगा रोलरवाल्याला नाद म्हणजे काय, लाकडी पेटीत सूर कसा घुमतो, हे समजावतो. सकाळी ज्याला काही येत नाही असे ठरले होते, तो आता गुरू झालेला. मग तो वाजवतो. समोर मेट्रोनोम नाही. बोळात आवाज घुमतो, कडेच्या भिंतीवर पाण्याची किरणे हलतात, आणि सर्गेई ऐकतो. सर्गेईचा चेहरा फार काही करत नाही. दिवसभर यंत्राच्या धडधडीत काम करणारा माणूस अचानक शांत जागेत येऊन बसला की जसा दिसेल, तसा तो दिसतो.

हा प्रसंग सकाळच्या शिकवणीचा जोडीदार आहे. तेच वाद्य, तोच मुलगा. फरक जागेचा, उजेडाचा आणि ऐकणाऱ्याचा. दिग्दर्शकाने कुठेही कोणाच्या तोंडी असे घातलेले नाही, की बाई चूक आणि सर्गेई बरोबर. मला तर बाईंचीही बाजू घ्यावीशी वाटते. ताल न शिकवता व्हायोलिन शिकवणार कसे? ज्याच्या हाताला ताल बसलेला नाही, त्याच्या कल्पनाशक्तीला वाद्य साथ देत नाही. तारकोव्हस्की स्वतः लहानपणी पियानो शिकलेला, तेव्हा त्याला हे कळत नव्हते असे नाही. आणि खुद्द त्याचा चित्रपट किती मोजून बांधलेला आहे, ते सफरचंदात आपण पाहिलेच. म्हणजे मेट्रोनोम त्याच्याही टेबलावर होता. फक्त बाई मेट्रोनोमचा आवाज ऐकत राहिल्या आणि व्हायोलिनचा ऐकायचे विसरल्या.

दुपारच्या जेवणाच्या वेळचा एक छोटा तुकडा आहे. सर्गेई साशाला चेष्टेने ‘संगीतकार’ म्हणतो. सकाळपासूनची ती शिवी. साशा चिडून हातातला पाव भिरकावून देतो. सर्गेईचा चेहरा उतरतो. रागावतो तो अपमानामुळे नव्हे, पाव फेकला म्हणून. युद्ध संपून जेमतेम पंधरा वर्षे झालेली आहेत. ज्या पिढीने उपासमार पाहिली, तिच्या हाताला पावाचे वजन वेगळे लागते. आपल्याकडे ताटात उष्टे टाकले की आजी जशी बघायची, तसे ते बघणे. युद्धावर भाषण नाही, जुन्या चित्रफितीचा तुकडा नाही. जमिनीवरचा पाव आणि माणसाचा बदललेला आवाज.

आणि मग ती इमारत पाडण्याचा प्रसंग. चालताचालता दोघे एका गर्दीत सापडतात. क्रेनला टांगलेला लोखंडी गोळा जुन्या घराच्या भिंतीवर आदळतो आहे. लोक बघत उभे आहेत, जसे आपल्याकडे कुठेही जेसीबी चालू असला की उभे राहतात. पाऊस येतो. गोळा पुन्हा आदळतो. साशा आणि सर्गेई यांची गर्दीत ताटातूट होते. भिंत कोसळते, आणि धूळ बसल्यावर तिच्यामागे उन्हात चकाकणारी, स्तालिनच्या काळात बांधलेली उंच पांढरी इमारत दिसते.

सरकारी स्टुडिओच्या अधिकाऱ्यांना हा प्रसंग आवडला असणार. जुने मॉस्को जाते आहे, नवे उभे राहते आहे. ख्रुश्चेव्हच्या त्या वर्षांत घरबांधणीची मोठीच मोहीम चालू होती. पण प्रसंग पाहताना आपण आनंदित होतो का? मी तरी होत नाही. गोळ्याचा प्रत्येक आघात साशाच्या तोंडावर उमटतो. पाऊस, लोकांची धावपळ, हात सुटणे, या सगळ्यांत एका मुलाची भीती भरून राहिलेली आहे. इमारत दिसते तेव्हा ती सुंदर दिसते आणि थोडी दूरचीही वाटते. दोन्ही अर्थ त्याच चौकटीत आहेत. अधिकाऱ्याने हवा तो घ्यावा, प्रेक्षकाने हवा तो. पुढे या माणसाच्या आणि सोव्हिएत चित्रपटखात्याच्या नात्यात जे जे झाले, ‘आंद्रेई रुब्ल्योव्ह’ वर्षानुवर्षे अडकून पडला, शेवटी देश सुटला आणि 1986 साली पॅरिसमध्ये मृत्यू आला, ते सगळे माहीत असल्यामुळे मी कदाचित जास्त वाचत असेन. पण गर्दीत सुटलेला हात मी कल्पनेने घातलेला नाही.

या चित्रपटाचे नाते समीक्षक आल्बेर लामोरिसच्या ‘लाल फुगा’ या 1956च्या फ्रेंच लघुपटाशी जोडतात. एकटा मुलगा, मोठे शहर, त्रास देणारी मुले आणि एक अद्भुत सोबती, ही जुळणी उघड आहे. फरक असा, की पॅरिसच्या मुलाचा सोबती फुगा असल्याने अखेर आकाशात नेऊ शकतो. मॉस्कोच्या मुलाचा सोबती दिवसपाळीचा कामगार आहे. त्याला काम आहे, तरुण वय आहे, आणि त्याच्यावर जीव असलेली, रोलरच चालवणारी एक सहकारी आहे. तो साशावर माया करतो, पण साशाचा होऊ शकत नाही. घरात वडील दिसत नाहीत, याचा उल्लेखही चित्रपट करत नाही. तारकोव्हस्की पाच वर्षांचा असताना त्याचे वडील, कवी आर्सेनी तारकोव्हस्की, घर सोडून गेले होते. हे सांगितल्यावर चित्रपट अधिक कळतो असे नाही. न सांगताही साशा रोलरच्या सुकाणूवर सर्गेईच्या हाताशेजारी आपला हात ठेवतो, तेव्हा जे कळायचे ते कळते.

शेवटाकडे येऊ. संध्याकाळ. साशा तयार होऊन बसला आहे. आई नको म्हणते. कोण कुठला माणूस, आणि घरी पाहुणे यायचेत. तिचे म्हणणे कोणत्याही आईचे असेल तसेच आहे. परक्या माणसाबरोबर मुलाला सिनेमाला धाडायला आपणही तयार होणार नाही. ही आई आपल्याला दिसते ती आरशात. मुलगा इथे, आई आरशात, आणि मध्ये ओलांडता न येणारी काच. भांडण नाही, रडारड नाही. दोघे एकाच खोलीत असून एकमेकांपासून किती लांब आहेत, ते उभे राहण्याच्या जागेवरूनच समजते.

साशा संगीताच्या कागदावर चिठ्ठी लिहितो, तिचे विमान करतो आणि खिडकीतून सोडतो. विमान खाली जाते. सर्गेईला ते दिसत नाही. तो वाट पाहतो, आणि मग त्या सहकारी बाईबरोबर ‘चापायेव’ला निघून जातो. साशाने वचन मोडले असे त्याला वाटत असेल. उद्या भेटला तर साशा सांगेल, पण रस्त्याचे काम आता संपत आलेले आहे. रोलर उद्या दुसऱ्या कुठल्या गल्लीत असेल.

माझ्या दृष्टीने चित्रपटातली सर्वांत धीट गोष्ट यानंतर येते. साशा आरशापुढे बसलेला आहे, आणि मग आपण पाहतो तो तो जिन्यावरून धावत खाली जातो आहे, लाल सदऱ्यात, ओल्या चमकत्या रस्त्यावरून रोलरच्या मागे, सर्गेईकडे. पक्षी उडतात. आता स्वप्न सुरू होत आहे असे सांगायला कोणी येत नाही. तरीही प्रेक्षागृहातल्या लहान मुलालाही कळते, की हे घडलेले नाही. मग चित्रपटाचा शेवट सुखाचा की दुःखाचा? मी हा प्रश्न एकदा माझ्या नातीला विचारला. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “आजोबा, तो मनात गेला ना!” तिच्यासाठी वाद संपलेला होता.

या चित्रपटाला संस्थेने उत्तम श्रेणी दिली. 1961 साली न्यूयॉर्कच्या विद्यार्थी चित्रपट महोत्सवात त्याला पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी तारकोव्हस्कीच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या ‘इव्हानचे बालपण’ला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. युसोव आणि ओव्हचिनिकोव तिथेही त्याच्याबरोबर होते.

योगायोग असा, की हा पदविका चित्रपट मॉस्कोत तयार होत होता त्याच 1960 साली पुण्यात, प्रभातच्या जागेवर, आपली चित्रपट संस्था उभी राहत होती. तिथेही गेल्या साठ-पासष्ट वर्षांत शेकडो पदविका चित्रपट झाले. बहुतेक डब्यांत पडून राहिले. काही पाहायला मिळतात. 2005च्या सुमारास उमेश कुलकर्णी यांनी केलेला ‘गिरणी’ अनेकांना आठवत असेल. घरात आलेल्या पिठाच्या गिरणीभोवती एका मुलाचे जग फिरू लागते. तो चित्रपट मी आधी कानांनी लक्षात ठेवला आणि मग डोळ्यांनी. गिरणीचा आवाज त्यात एक पात्र होऊनच येतो. पण असे चित्रपट घरातल्यांनी मिळून पाहण्याची सोय आपण कधी केली नाही. कॉलेजच्या स्पर्धा मात्र गावोगाव सुरू झाल्या, कारण कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मुले करताहेत ते चांगलेच आहे. अडचण आमच्यासारख्या परीक्षकांची आहे. आम्ही मेट्रोनोम घेऊन बसतो.

आता त्या मुलीच्या लघुपटाबद्दल सांगायला हवे.

तिची आई एका खानावळीसाठी पोळ्या लाटते. पहाटे सुरुवात, उजाडेपर्यंत काम. मुलीने फोन ओट्याच्या कडेला टेकवून ठेवला होता. चित्रात आईचे हात, पोळपाट, लाटणे, तव्याची कड आणि खिडकीचा एक कोपरा. चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. बाजूला पसरलेल्या वर्तमानपत्रावर पोळ्यांची चवड. सुरुवातीला खिडकी काळी आहे आणि चवड दोन बोटे. मग खिडकी करडी होते, चवड वाढते. कुठेतरी कुकरची शिट्टी होते, रस्त्यावरून दुधाची गाडी जाते, त्या आवाजात आईचे एक वाक्य बुडून जाते. खिडकी पांढरी होते तेव्हा चवड चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत पोचलेली असते आणि हात तिच्यामागे जवळजवळ झाकले जातात. मग बाहेरून कोणीतरी येऊन सगळ्या पोळ्या उचलून नेतो. कागदावर पिठाचा एक गोल उरतो.

उजेड कमी होता, कारण पहाट होती. आवाज स्वच्छ नव्हता, कारण घर रस्त्यावर होते. चेहरा दिसत नव्हता, याबद्दल मी तिला काय काय बोललो ते आठवून अजून कानशिले तापतात. सात मिनिटे कॅमेरा हलला नाही, म्हणून ‘कॅमेऱ्याची हालचाल’ या उपरकान्यात मी शून्य दिले होते. एक जागा खरोखर कच्ची होती. मध्येच तिने सतारीचा एक तुकडा घातला होता, बहुधा कोणीतरी सांगितल्यावरून, आणि त्या अर्ध्या मिनिटात लाटण्याचा आवाज ऐकू येत नव्हता. त्या लाटण्याला स्वतःचा ताल होता. तिने विचारले तेव्हा हे एक सांगता आले असते.

आयोजकांकडून तिचा पत्ता मिळवण्याचा प्रयत्न केला. महाविद्यालयातून ती तोवर बाहेर पडली होती आणि ज्या प्राध्यापकांनी स्पर्धा भरवली त्यांची बदली झाली होती. चौदा लघुपटांची पेनड्राइव्ह परीक्षकांना भेट म्हणून दिली होती, ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. मागच्या रविवारी नातीला तो लघुपट लावून दाखवला. पोळ्या नेल्यावर उरलेला पिठाचा गोल पाहून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आजोबा, यातली एक तरी पोळी त्या काकूंनी खाल्ली असेल का?”